वाटेचे देणे

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे साफसफाई दोन ठिकाणी निघते, एक घरात आणि दुसरी पेढीवर. घरातले सर्व बाई, म्हणजे आमच्या मातोश्री, आणि सौभाग्यवती पाहतात. पेढीच्या माळ्यावर मात्र मला स्वतःच चढावे लागते. तेथे लाल कापडात बांधलेल्या जुन्या चोपड्या आहेत आणि त्यांना परक्याचा हात लागलेला वडिलांना चालत नसे. वडील जाऊन नऊ वर्षे झाली; नियम अजून तोच आहे.

आमची पेढी आज कल्याणला आहे, पण मूळ दुकान जुन्नरचे. दादाजी, म्हणजे माझे आजोबा, तेथे धान्य, मीठ, गूळ आणि हिरडा यांचा व्यापार करीत. मोडी मला अडखळत वाचता येते. तेवढी वडिलांनी हट्टाने शिकवली होती. सहा वर्षांपूर्वीच्या साफसफाईत एका चोपडीवरची धूळ पुसता पुसता मी ती सहज उघडली आणि एका नोंदीपाशी थांबलो. 'नाणेघाट, पावसानंतर वाट साफ. रोख रुपये सव्वादोन, मीठ दोन पायल्या.' पुढच्या वर्षीच्या कार्तिकात तीच नोंद होती. त्याच्या पुढच्या वर्षीही होती. अशी ती 14 वर्षे सापडली आणि पंधराव्या वर्षी नाहीशी झाली.

बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मामंजी सांगायचे, मोटारीने माल जाऊ लागला आणि घाट सुटला." त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. मला मात्र तो 'सुटला' शब्द बोचला. घाट आमचा सुटला होता. ज्यांच्या पाठीवरून तो माल चढत-उतरत असे, त्यांचा कुठे सुटला होता?

त्याच चोपडीत इतरही पाने आहेत. घाटघर, अंजनावळे या बाजूच्या माणसांच्या नावे हिरड्याच्या ओझ्यापोटी दिलेल्या उचली आहेत. हिरडा कोणत्या भावाने घेतला आणि मीठ कोणत्या भावाने दिले, तेही लिहिले आहे. तो हिशेब मी दोनदा मांडून पाहिला आणि दोन्ही वेळा पान मिटून ठेवले. दादाजींविषयी माझ्या मनात आदर आहे आणि तो कमी झालेला नाही. परंतु त्या चोपडीत वाट साफ करण्यासाठी दिलेले सव्वादोन रुपये हीच काय ती एक रक्कम अशी होती, की जिच्याकडे मला निःशंकपणे पाहता आले. आणि तीच आम्ही बंद केली होती.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी नाणेघाट पाहायला गेलो. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा. आमच्या घराण्याची भाकरी ज्या वाटेवरून आली, ती वाट मी कधी पाहिलीच नव्हती.

कल्याणहून मुरबाड आणि टोकावडे मागे टाकले की वैशाखऱ्याच्या पुढे रस्त्याच्या उजव्या हाताला ही वाट जंगलात शिरते. आधी ओढा लागतो, मग ऐन, किंजळ आणि पळसाची झाडी. पुढे चढ सुरू होतो, कारवीच्या दाट काठ्यांमधून वाट वळत वळत वर जाते आणि अखेरच्या टप्प्यात जुन्या घडीव दगडांची फरसबंदी लागते. माथ्याजवळ दोन कड्यांच्या मधल्या अरुंद खिंडीतून आपण एकदम देशावर येतो. माझ्यासारख्या गादीवर बसणाऱ्या माणसाला वर पोहोचायला साडेतीन तास लागले.

खिंडीच्या तोंडाशी सातवाहन काळातले लेणे आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेला राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख त्याच्या भिंतींवर आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेच्या नोंदी आहेत, गाई किती, घोडे किती, कार्षापण किती, आणि त्या अंकांत लिहिलेल्या आहेत. 1828 साली विल्यम साइक्स यांनी हे लेणे जगापुढे आणले आणि पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी या अंकांचा अभ्यास केला. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. हिशेब लिहिणाऱ्या जातीच्या माणसाने तेथे उभे राहून नुसते पाहिले, तरी त्याचे हात आपोआप जोडले जातात. लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजपरिवाराच्या मूर्ती होत्या. आता त्यांची केवळ पावले आणि वरची नावे उरली आहेत. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. आसपास कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत.

ही टाकी पाहताना मला जुन्नरच्या लेण्यांतील एक लेख आठवला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद त्या लेखात आहे. कोणा एका शेटजींचे नाव त्यात नाही, दाता म्हणून सगळी श्रेणीच आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे, वर जुन्नर, पुढे पैठण आणि तेर, अशी ही मालाची वाट होती. ती राजांनी खोदली खरी. पण तिच्यावर आणि तिच्या आसपास पाणी, सावली आणि मुक्काम यांची सोय करण्यात व्यापाऱ्यांचा हात होता. दादाजींचे सव्वादोन रुपये या फार लांब रांगेत शेवटी उभे होते, असे मला त्या दिवशी वाटले.

उतरताना मात्र वाटेची दशा लक्षात आली. पावसाचे पाणी वाटेवरूनच वाहत गेल्याने मधोमध गुडघाभर खोल घळ पडली होती. ती टाळण्यासाठी लोकांनी बाजूने नव्या वाटा पाडल्या होत्या आणि तेथेही माती सुटू लागली होती. वळणे कंटाळवाणी वाटून सहलीला आलेल्यांनी सरळ उतार धरले होते. घाणेरी आणि रानमोडी दोन्ही बाजूंनी आत शिरली होती. पाण्याच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या तर होत्याच. एका ठिकाणी माझा पाय घसरला. मागून येणाऱ्या, डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईने मला दंडाला धरून उभे केले आणि काही न बोलता ती पुढे निघून गेली.

व्यापारी माणसाच्या मनात अशा वेळी पहिला विचार येतो, तोच माझ्या मनात आला: यासाठी काही रक्कम काढावी. वडिलांच्या स्मरणार्थ सिमेंटच्या पायऱ्या बांधून द्याव्यात आणि पायथ्याशी लहानशी संगमरवरी पाटी लावावी. चौकशी केली, तेव्हा कळले की काही तरुण मंडळी आणि पायथ्याच्या वाडीतले चार-पाच जण वन विभागाच्या लेखी परवानगीने महिन्यातून एक रविवार या वाटेवर काम करतात. पुढच्या रविवारी चेकबुक खिशात घालून मी तेथे गेलो.

वनरक्षकांनी अदबीने सांगितले की घडीव फरसबंदीचा आणि लेण्याचा भाग जुना वारसा आहे, त्याला हात लावता येत नाही. आणि जंगलातल्या टप्प्यात सिमेंट चालणार नाही. माझा चेहरा पडला असावा. वाडीतले एक वृद्ध गृहस्थ शेजारी दगडावर बसले होते. सगळे त्यांना बाबा म्हणतात. ते म्हणाले, "शेट, सिमिटाच्या खालून पानी शिरतं. मग आख्खी पायरीच निघून जाते. दगड निघाला तर एकच निघतो." थोडे थांबून त्यांनी विचारले, "पैसं राहू दे. रविवार हाय का तुझ्याकडं?"

रविवार होता. त्या दिवसापासून आजवर, पावसाळ्याचे काही महिने आणि दोन आजारपणे सोडली, तर तो रविवार मी मोडलेला नाही.

वाट दुरुस्त करणे म्हणजे दगड रचणे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते पाण्याचे काम आहे. पावसाचे पाणी वाटेवर पडणारच. त्याला वाटेवरून लांबवर चालू द्यायचे नाही, शक्य तितक्या लवकर बाजूला उतरवायचे, एवढे साधले की निम्मे काम झाले. त्यासाठी वाटेला दरीच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, इतका की पायाला कळू नये पण पाण्याला कळावा. चढाच्या टप्प्यात ठरावीक अंतरावर वाटेवर तिरकस रांगेत दगड पुरायचे, म्हणजे वरून येणारे पाणी त्यांना अडून बाजूच्या चरीत वळते. दगड निम्म्याहून अधिक जमिनीत गेला पाहिजे. पायरी बसवायची तर तळापासून सुरुवात करायची आणि वरच्या पायरीची कड खालच्या पायरीच्या मागच्या भागावर टेकवायची, म्हणजे चालणाऱ्याच्या वजनाने ती अधिक घट्ट बसते. दगड दगडावर बसला पाहिजे. माती नुसती फटी भरण्यापुरती. बसवून झाल्यावर त्यावर उभे राहून डुलायचे. तो हलला, तर काढून पुन्हा बसवायचा. माझी पहिली पायरी बाबांनी सात वेळा काढायला लावली.

चोरवाटा बंद करण्याची रीतही मला तेथेच कळली. पाटी लावून काही होत नाही. तोडलेली घाणेरी आणि वाळल्या फांद्या चोरवाटेच्या तोंडाशी आडव्या टाकायच्या आणि मुख्य वाट इतकी सोयीची करायची की माणसाला दुसरीकडे जाण्याची इच्छाच होऊ नये. कापायचे ते फक्त आगंतुक झुडूप आणि पडलेले लाकूड. उभ्या झाडाला कोयता लावायचा नाही. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, तिची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात, म्हणून वाटेत आलेली काठी बाजूला वाकवून बांधायची.

घरी मात्र एक प्रश्न उभा राहिला. बाई आज ८४ वर्षांच्या आहेत. पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्या हाताचे फोड पाहिले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पुढे एकदा मी कौतुकाने चरी कशा खोदतो ते सांगत होतो. त्यांनी शांतपणे विचारले, "माती उकरतोस, त्यात जीव किती जात असतील रे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी बाबांना सांगितला. ते हसतील असे वाटले होते, पण ते गंभीरपणे म्हणाले, "तुजी आई बरोबर बोलते. पावसात खनायचंच नाय. वली माती उकरली तर ती वाहूनच जाते. आन तवा तिच्यात जीव बी लई." त्यांच्या पद्धतीत खोदकाम माघ ते वैशाख एवढेच होते. पाऊस सुरू झाला की कुदळ घरी ठेवायची आणि हाताने चरीतला पाला फक्त काढायचा. हे मी बाईंना सांगितले. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "तरी पाहून खण." तेव्हापासून दगड उचलण्यापूर्वी मी तो आधी थोडा कलता करून खाली पाहतो. खाली बऱ्याचदा विंचू असतो, कधी बेडूक, कधी मुंग्यांची वसाहत. वसाहत असेल तर दुसरा दगड शोधतो. काम हळू होते. पण विंचवाने कोणाला डंख केल्याचेही या सहा वर्षांत झालेले नाही.

इथवरचे वाचून कोणाला वाटेल की एक शेटजी शहाणा झाला आणि गोष्ट संपली. तसे झालेले नाही. तिसऱ्या वर्षी माझ्या हातून जे घडले, ते सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

एप्रिलमधला रविवार होता. बाबा नातीच्या लग्नाला गेले होते. वाटेच्या सर्वांत खालच्या टप्प्यात एका वळणावर दर पावसाळ्यात चिखल होत असे. तेथे लहान लहान तीन चरी काढायच्या, असे ठरले होते. मला वाटले, तीन कशाला? एकच मोठी काढली तर काम दुपारपर्यंत संपेल आणि पाणीही झटक्यात निघून जाईल. बरोबरच्या तरुणांना मी ते पटवून दिले. वय आणि पेढी चालवण्याची सवय, दोन्ही माझ्या बाजूने होती. आम्ही हातभर खोल, चांगली 20 फूट लांब चर काढली. संध्याकाळी ती पाहून मला जो अभिमान वाटला, तो मला अजून आठवतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मोठा पाऊस झाला. वाट कोरडी राहिली. चार दिवसांनी वाडीतल्या एका मुलाचा फोन आला. सगळे पाणी एका ठिकाणी गोळा होऊन चरीच्या तोंडातून सुटले होते, त्याने खालचा उतार फोडला होता आणि दगडगोटे, मुरूम घेऊन ते एका बाईच्या भाताच्या खाचरात उतरले होते. लावणी आठवडाभरापूर्वी झाली होती. खाचराचा तिसरा हिस्सा मुरमाखाली गेला होता.

मी दुसऱ्या दिवशी पेढी बंद ठेवून गेलो. शेत पाहिले. पुढच्या कडेला कोवळी हिरवी रोपे उभी होती आणि मागच्या बाजूला लाल मुरमाचा जीभेसारखा पट्टा पसरला होता. ती बाई बांधावर उभी होती. पाहताच मी तिला ओळखले. पहिल्या दिवशी मला दंडाला धरून उभे करणारी ती हीच.

मी हात जोडले आणि नुकसान भरून देतो म्हणालो. ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपे गेले असते. ती म्हणाली, "पैसं दे, घेईन मी. पन शेट, तू पानी वाटंवरनं काढलंस. ते जाईल कुठं, ते नाय बघितलंस."

मी 30 वर्षे व्यापार केला आहे. माल खपला, पैसे आले, खाते मिटले, की पुढे त्याचे काय झाले हे पाहण्याची आपल्याला सवय नसते. त्या बांधावर उभे राहून मला दादाजींच्या चोपडीतली ती पाने आठवली, जी मी मिटून ठेवली होती. हिरडा आणि मीठ यांच्या भावांतले अंतरही असेच कोणाच्या तरी शेतात उतरले असेल. त्यांनी ते पाहिले नसेल, किंवा पाहूनही पान मिटले असेल. मला आता तसे करता येणार नव्हते, कारण मुरूम समोर दिसत होता.

पुढचे दोन दिवस आम्ही सहा जण त्या खाचरात होतो. घमेल्याने मुरूम काढला, फुटलेला बांध पुन्हा घातला. पावसात खणायचे नाही, हा नियम बाईंनी त्या दिवशी स्वतः सैल केला. फोनवर त्या म्हणाल्या, "आपण केलेली घाण आपण काढायला हवी. हळू कर." वाडीत प्रत्येकाकडे लावणीनंतर थोडी रोपे उरलेली असतात, तीन घरांनी ती आणून दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी भात लावला. रांग वाकडी गेली, मागून एका मुलीने ती सरळ केली. दुपारी त्याच बाईने आम्हाला भाकरी आणि चटणी वाढली. पहिल्या दिवशी चटणीत लसूण होता, म्हणून मी भाकरी मिठाशी खाल्ली. तिने ते पाहिले असावे. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळी, बिनलसणाची चटणी होती. मी तिचे शेत बुडवले होते आणि ती माझे व्रत सांभाळत होती.

ती मोठी चर आम्ही पावसाळ्यानंतर बुजवली. तिच्या जागी बाबांनी सांगितल्या होत्या तशा तीन लहान चरी काढल्या आणि प्रत्येकीच्या तोंडाशी दगडांचा पसारा घातला, म्हणजे पाण्याचा जोर तेथेच मोडतो आणि ते झाडोऱ्यात पसरून जिरते. आता चर काढण्याआधी मी उतारावरून खाली जातो आणि ज्याच्या शेतापर्यंत तो उतार पोहोचतो त्याला बोलावून विचारतो. दिवाळीत त्या खाचराचे भात मोजले. आदल्या वर्षीपेक्षा जेवढे कमी आले, तेवढ्याचे पैसे मी दिले आणि तिने ते मोजून घेतले. मला त्या मोजण्याचा फार आधार वाटला. उपकार म्हणून तिने ते सोडून दिले असते, तर मी जन्मभर देणेकरी राहिलो असतो.

आज ती वाट कशी आहे, असे कोणी विचारले, तर प्रामाणिक उत्तर असे की ती दर पावसाळ्यात थोडी मोडते आणि दर हिवाळ्यात आम्ही ती थोडी सावरतो. कायमची दुरुस्त झालेली जंगलवाट मी पाहिलेली नाही. आश्विनात पाऊस थांबला की पहिली फेरी, तिच्यात पडलेली झाडे आणि सुटलेले दगड यांची यादी. थंडीत पायऱ्या आणि बांध. उन्हाळ्यात चरी, आणि वणव्याच्या दिवसांत वाटेकडेच्या वाळल्या गवतावर नजर. मृगाच्या पहिल्या सरीत मात्र हातात काही न घेता नुसते चालून पाहायचे, पाणी कुठून येते आणि कुठे जाते. माझ्या मते वर्षातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस. त्या दिवशी मी स्वतः भिजत त्या खाचरापर्यंत उतरून जातो.

संगमरवरी पाटी लागली नाही. वडिलांच्या नावाने बसवलेली एक पायरी आहे, चौथ्या वळणावरची. ती कोणती, हे मला आणि बाबांना ठाऊक आहे. आठव्यांदा बसली ती हीच. गेल्या वर्षीपासून चिरंजीव अधूनमधून बरोबर येतो. पेढीवर बसण्याची त्याला फारशी आवड नाही, आणि या विषयावर आमच्यात कडवट बोलणी झालेली आहेत. वाटेवर आम्ही त्याबद्दल बोलत नाही. एका मोठ्या दगडाला तो एका बाजूने पहार लावतो, मी दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनी एकाच वेळी जोर केल्याशिवाय तो हलत नाही. एवढे बोलणे सध्या पुरे आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या जुन्या चोपड्या अजून कुठल्या तरी माळ्यावर असतील. त्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. आपले वाडवडील ज्या घाटांनी, ज्या पाणंदींनी माल घेऊन आले, त्यांची नावे त्यांत सापडतील. ती वाट आज कुठे आहे, तिच्यावरून अजून कोण चालते, याची चौकशी करावी. वाट जंगलातून जात असेल तर वनाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी, गावातल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करावे, आणि जुन्या घडीव दगडाला हात लावू नये. चेकबुक न्यायला हरकत नाही. कुदळी, पहारी, घमेली विकत आणावीच लागतात. पण ते दुसऱ्या रविवारी काढावे.

यंदा कार्तिकात नव्या चोपडीचे पूजन झाल्यावर मी पहिल्या पानांत एक नोंद केली. आता हिशेब संगणकावर असतो, तरी एक चोपडी आम्ही हाताने लिहितो. 'नाणेघाट, पावसानंतर वाट साफ. माणसे 11, दिवस 1.' रकमेचा रकाना थोडा वेळ रिकामा ठेवला. मग नव्या दोन पहारींचे पैसे त्यात लिहिले.

संध्याकाळी बाईंनी विचारले, "वाट कशी आहे?"

"दोन पायऱ्या हलल्या आहेत," मी म्हणालो.

"मग पुढच्या रविवारी जा," त्या म्हणाल्या आणि जपाकडे वळल्या.